जुनी टीबी लिहिण्याआधी त्या भागाला रक्त कुठून मिळतंय ते बघा: छातीच्या सीटीत या चुका टाळा

भंडाऱ्याहून आलेल्या शेतकऱ्याने पिशवीतून सहा एक्स-रे काढून टेबलावर पसरले. "पावसाळा लागला का डावीकडंच निमोनिया होते साहेब, काहून?" सहाही फिल्मवर सावली एकाच जागी, डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या लोबमध्ये (भागात) पाठीच्या बाजूला. थुंकीत जंतू कधीच सापडले नव्हते, तरी टीबीचा कोर्स एकदा होऊन गेला होता. जुन्या सीटीचा रिपोर्ट म्हणत होता, 'जुन्या आजाराचे व्रण'.

तो सीटी ५ मिमीच्या कटांचा, म्हणजे तेवढ्या जाडीच्या कापांच्या चित्रांचा होता. मणक्याशेजारी एक ठिपका दोन कटांत दिसून गायब. १ मिमीचे कट उघडले तेव्हा तो ठिपका म्हणजे महाधमनीतून निघून थेट त्या सावलीत शिरणारी, बॉलपेनच्या रिफिलपेक्षा जाड धमनी निघाली. हे पल्मनरी सीक्वेस्ट्रेशन, म्हणजे श्वासनलिकेशी नीट न जोडलेला आणि शरीराच्या मुख्य रक्ताभिसरणावर पोसलेला फुफ्फुसाचा जन्मजात तुकडा. आपल्या विदर्भात टीबी एवढी, की डोळा आधी तिच्याकडेच जातो. मीही हे केलंय.

या संशयावर नुसती पल्मनरी अँजिओ (फुफ्फुसाच्या धमन्यांचा सीटी) मागवली तरी फसतो. फुफ्फुसाच्या धमन्या कॉन्ट्रास्टने (शिरेतून दिलेल्या औषधाने) भरतात त्या क्षणी महाधमनी नीट भरलेली नसते. वेळ महाधमनीची धरा, आणि स्कॅन डायफ्रामपाशी थांबवू नका, पोटाच्या वरच्या भागापर्यंत न्या. ही धमनी कधीकधी पोटातल्या महाधमनीतून वर येते. सर्जनला ती आधी ठाऊक नसेल, तर कापलेलं टोक पोटात मागे सरकतं आणि रक्तस्राव आवरता आवरत नाही.

एका बाजूचं फुफ्फुस लहान दिसलं की 'फायब्रोसिस' लिहून मोकळं होण्याची घाई तेवढीच वाईट. त्या बाजूची मुख्य पल्मनरी धमनी आहे तरी का, ते बघा. जन्मतः ती नसेल तर हायलम (फुफ्फुसात रक्तवाहिन्या शिरतात ती जागा) बारीक दिसतो, आणि बहुतेक वेळा दोष महाधमनीच्या कमानीच्या विरुद्ध बाजूला असतो. श्वास सोडून घेतलेल्या कटांत हवा अडकलेली दिसली तर मात्र स्वायर-जेम्सचा, म्हणजे लहानपणीच्या संसर्गाने बारीक श्वासनलिका बिघडून लहान राहिलेल्या फुफ्फुसाचा विचार करा. उजवं फुफ्फुस लहान, हृदय उजवीकडे सरकलेलं आणि एक वाकडी शीर खाली इन्फिरिअर व्हेना केव्हाकडे (पोट-पायांचं रक्त हृदयात आणणाऱ्या मोठ्या शिरेकडे) निघालेली, तर ते सिमिटर, म्हणजे फुफ्फुसाची शीर भलतीकडे उघडण्याचा जन्मजात दोष. एक्स-रेवर ती तलवारीसारखी दिसते म्हणून हे नाव. अशा वेळी इकोसुद्धा (हृदयाची सोनोग्राफी) सांगा, हृदयाच्या पडद्यात छिद्र असू शकतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सुई. गुळगुळीत, गोल गाठ दिसली की बायोप्सीची चिठ्ठी लिहिण्याआधी ती पातळ कटांत धरून पुढे-मागे जा. एक धमनी आत, एक शीर बाहेर असेल तर ते एव्हीएम आहे, म्हणजे धमनी आणि शीर थेट जोडली गेलेला रक्तवाहिन्यांचा गुंता. तिथे सुई घालायचीच नाही. निदानाला कॉन्ट्रास्टही लागत नाही. नाकातून वारंवार रक्त येतं का, घरात कुणाला आहे का, हे विचारा; एव्हीएममागे बऱ्याचदा घराण्यातून येणारा रक्तवाहिन्यांचा आजार असतो. आत जाणारी धमनी २-३ मिमी किंवा जाड असली की ती कॉइलने (आत सोडलेल्या बारीक तारेच्या गुंडाळीने) बंद करतात. अशा रुग्णाच्या सलाईनच्या नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, फुफ्फुसाची गाळणी चुकवून तो मेंदूत पोचू शकतो.

डावीकडे, महाधमनीच्या कमानीबाहेरून उभी जाणारी रक्तवाहिनी दिसली तर मोजणी करा. डाव्या मुख्य श्वासनलिकेसमोर एरवी एकच वाहिनी असते. दोन असतील तर ती डावी सुपिरिअर व्हेना केव्हा, म्हणजे डोकं-हातांचं रक्त हृदयात आणणारी, डावीकडे राहिलेली जास्तीची मोठी शीर. एकही नसेल तर डाव्या वरच्या लोबची शीर वाट चुकली आहे.

उलट टोकालाही जाऊ नका. उजवीकडे वर स्वल्पविरामासारखी बारीक रेघ म्हणजे ॲझायगस लोब, ॲझायगस शिरेने वेगळा पाडलेला फुफ्फुसाचा वरचा तुकडा; तो आजार नाही. त्या एका ओळीच्या रिपोर्टसाठी नागपूरच्या धंतोलीतले तीन दवाखाने फिरून आलेली, घाबरलेली बाई मी बघितली आहे. 'नॉर्मल प्रकार' एवढे दोन शब्द रिपोर्टमध्ये असते, तर तिचा बसभाड्याचा खर्च वाचला असता.