अल्फा स्रोताभोवतीची हवा कॅमेऱ्यात कशी धरायची

ग्लव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत, सांडलेली किरणोत्सारी पूड शोधताना मी तासन्‌तास काउंटर (किरण मोजणारे यंत्र) पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून फिरवला आहे. अशा पुडीतून सुटणारा अल्फा कण हवेत काही सेंटिमीटरच्या पुढे जातच नाही, म्हणून दुसरा उपाय नव्हता. आता मी आधी कॅमेरा लावते.

कॅमेऱ्यात दिसते ती स्रोताभोवतीची हवा. अल्फाच्या धडकांनी उत्तेजित झालेले नायट्रोजनचे रेणू अतिनील प्रकाश सोडतात, मुख्यतः ३३७ नॅनोमीटरचा. रेडियमच्या उजेडात नायट्रोजनचा वर्णपट विल्यम आणि मार्गारेट हगिन्स यांनी १९०३ सालीच ओळखला होता. उजेड मात्र फार मंद: १ एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेमागे साधारण १९ फोटॉन (प्रकाशाचे कण), म्हणजे अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याच्या एका अल्फामागे शंभरेक. धातूच्या चकतीवरचा १ मेगाबेक्वेरलचा, म्हणजे सेकंदाला दहा लाख अल्फा सोडणारा, स्रोत धरा. निम्मे अल्फा धातूतच जिरतात. उरलेल्यांचे सेकंदाला पाच कोटी फोटॉन चहूकडे पसरतात, आणि एक मीटरवरच्या ५० मिलिमीटर व्यासाच्या भिंगात त्यांतले जेमतेम आठ हजार शिरतात. फिल्टर आणि सेन्सर त्यांतलेही बरेच खातात.

म्हणून भिंग अतिनील प्रकाश जाऊ देणाऱ्या क्वार्ट्झचे, कॅमेरा एकेक फोटॉन टिपणारा, पुढे ३३७ चा अरुंद फिल्टर. ग्लव्हबॉक्सची खिडकी आधी तपासा. पॉलिकार्बोनेटची असेल तर हा प्रकाश बाहेरच येत नाही. माझे दोन दिवस त्यातच गेले.

काम रात्री, पडदे लावून करा. उन्हात याच पट्ट्यातला अतिनील प्रकाश भरपूर असतो. ट्यूबलाइट काढा, कारण तिच्यातल्या पाऱ्याच्या रेषा जवळच पडतात. वावरायला पांढरा एलईडी चालतो, पण चित्र घेताना तोही बंद. स्रोत परवान्याचाच आणि आरएसओच्या (विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याच्या) नोंदीतला हवा. स्रोताला हात तो अधिकारीच लावेल.

आधी साध्या उजेडात एक फोटो घ्या आणि कॅमेरा तिथून हलवू नका. मग एकच लांब एक्स्पोजर घेण्याऐवजी दहा-दहा सेकंदांच्या साठ चौकटी घ्या. गॅमा आणि वैश्विक किरण थेट सेन्सरवर आदळून पांढरे ठिपके पाडतात. प्रत्येक पिक्सेलची मध्यका (साठ चौकटींतल्या मूल्यांतले मधले मूल्य) काढली की ते गळून पडतात. उरलेला डाग पहिल्या फोटोवर चढवा.

डाग दिसला म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. ही पायरी मी कोणालाच गाळू देत नाही. स्रोतावर साध्या कागदाचा तुकडा ठेवायला सांगा आणि पुन्हा साठ चौकटी घ्या. अल्फा कागदात अडतात, हवेपर्यंत पोचत नाहीत, म्हणून डाग गेला पाहिजे. राहिला, तर तो गळका उजेड आहे किंवा बीटा-गॅमाचा. चकचकीत अॅल्युमिनियमवर परावर्तनाचा दुसरा डागही उमटतो. तो स्रोत समजून पुसायला जाल तर हाती काही लागणार नाही. त्या धातूवर काळे कापड टाकून बघा.

ऑक्सिजन हा उजेड बराचसा विझवतो. आत नायट्रोजन भरला की तोच स्रोत कितीतरी पट उजळ दिसतो. त्यामुळे प्रत्येक चित्राशेजारी आतला वायू कोणता होता ते वहीत लिहा, नाहीतर कालचे आणि आजचे चित्र ताडून पाहता येणार नाही.