गाडीत पाण्याची टाकी बसवताय? या चुका टाळा

घरपोच गाड्या धुणारे, साक्री भागात सोलर पॅनेल धुण्याची कामं घेणारे, रावेर-यावलच्या केळीत फवारणीला जाणारे, सगळ्यांचं गणित एकच. पिकअप, छोटा हत्ती नाहीतर ईको घ्यायची, मागे टाकी टाकायची, मोटर जोडायची, धंदा सुरू. टाकी रिकामी असताना एक माणूस सहज उचलतो आणि तिथेच हिशेब चुकतो. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन. ५०० लिटर भरले की अर्धा टन माल ड्रायव्हरच्या पाठीशी उभा असतो.

दोर आवळला की झालं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. जोरात ब्रेक मारून बघितला, टाकी जागची हलली नाही, फॅब्रिकेशनवाला म्हणतो, "काही होत नाही भो!" पण ब्रेक मारणं वेगळं आणि धडक वेगळी. कितीही करकचून ब्रेक मारला तरी टाकी स्वतःच्या वजनाहून कमीच जोराने पुढे रेटते. माल बांधण्याच्या युरोपीय मानकात हा जोर वजनाच्या ०.८ पट धरतात. आता ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी समोरच्या उसाच्या ट्रॉलीवर आदळून अर्ध्या मीटरात थांबली असं धरा. आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण वीसपट जोर येतो. ५०० लिटरच्या टाकीला दहा टन! नायलॉनच्या दोराचा इथे काय निभाव लागणार?

रॅचेट बेल्ट, म्हणजे खटक्याने आवळायचा पट्टा, दोरापेक्षा बरा, पण त्याच्या लेबलवर छापलेली क्षमता वाचून घ्या. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. उन्हात प्लास्टिकची टाकी नरम पडते, बेल्ट तिच्यात रुततो आणि सकाळी घट्ट असलेला पट्टा दुपारी बोटं घालण्याइतका सैल होतो. उन्हाने बेल्टचे धागेही पांढुरके, खरखरीत होतात. असा बेल्ट फेकून द्या, गाठ मारून वापरू नका.

पत्र्यात मारलेले बोल्ट

गाडीच्या तळाचा पत्रा पातळ असतो. धडकेत बोल्ट तुटत नाही, तो पत्रा फाडून वर येतो. गाडीखाली जाऊन बघा: भोक गोल राहिलंय की लांबट झालंय? बोल्टभोवती गंजाची तांबूस कड दिसते का? दिसली तर टाकी रोज थोडीथोडी सरकतेय.

टाकीभोवती अँगलची चौकट करा आणि ती चेसिसच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) आडव्या मेंबरला क्लॅम्पने धरा. जिथे बोल्ट पत्र्यातूनच न्यावा लागतो तिथे खालून जाड लोखंडी पट्टी द्या, नुसता वायसर पुरत नाही. चेसिसला मनाने भोकं पाडू नका, वेल्डिंगही नको. टाकी आणि पुढची भिंत यांत मोकळी जागा ठेवू नका. तेवढ्या अंतरात टाकी वेग घेते. ईकोसारख्या बंद गाडीत सीटमागे मजबूत जाळी हवीच. तरीही खरं सांगायचं तर ईकोत ५०० लिटर नेऊच नयेत. २०० लिटर न्या, फेऱ्या वाढल्या तर वाढू द्या.

अर्धी टाकी म्हणजे हलकी टाकी

वजनाने हलकी, चालवायला अवघड. ब्रेक मारल्यावर गाडी थांबत आलेली असते आणि क्षणभराने मागून धप्पकन दुसरा धक्का बसतो. ते पाणी पुढच्या भिंतीवर आदळलेलं असतं. कन्नड घाटात किंवा कोंडाईबारीच्या वळणांवर हेच पाणी आडवं धावतं आणि गाडी बाहेरच्या बाजूला झुकते. उभ्या गोल टाकीऐवजी बसकी, लांबट आणि आत पाण्याची धाव अडवणारे आडपडदे असलेली टाकी घ्या. ती नसेल तर घाट चढण्याआधी टाकी काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करा.

आरसी न बघता टाकी घेणं

आरसीवरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की क्षमता कळते. छोट्या हत्तीच्या बऱ्याच मॉडेलची ती पाऊण टनाच्या आसपास आहे, म्हणजे हजार लिटरची टाकी भरताक्षणीच ओव्हरलोड. त्यात मोटर, जनरेटर, पाइपाचं भेंडोळं आणि दोन माणसं धरलेलीच नाहीत. जादा वजनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. गाडीच्या मूळ रचनेत बदल करणार असाल तर आधी आरटीओत विचारा. नोंद नसलेल्या बदलावर बोट ठेवून विमा कंपनी क्लेम अडवू शकते.

मोटर आणि जनरेटरही त्याच चौकटीला बोल्टने पक्के करा. सीटमागे सुटा ठेवलेला वीस किलोचा पंपही धडकेत डोक्यावर यायला पुरेसा असतो.