गुडघ्याचे सांधेरोपण : लिगामेंट सोडवण्याआधी या चुका टाळा

सांधेरोपणानंतरचा एक्स-रे सुबक दिसतो, जखमही वेळेवर भरते आणि तरीही रुग्ण जिना उतरताना कठडा सोडत नाही, कारण गुडघा दगा देईल अशी धास्ती त्याच्या मनातून जात नाही. अशा गुडघ्यात मूळ दोष पुष्कळदा कृत्रिम सांधा बसवण्यासाठी घेतलेल्या हाडाच्या कापात असतो आणि लिगामेंटवर, म्हणजे हाडे एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर, केलेल्या इलाजाने त्या दोषावर केवळ पांघरूण घातलेले असते.

पहिली चूक ऑपरेशन थिएटरबाहेरच होते. गुडघ्यापुरता एक्स-रे पाहून मांडीच्या हाडाचा खालचा काप ठरावीक 5 किंवा 6 अंशांवर घेण्याची सवय अनेकांना असते. धनुष्यासारख्या वाकलेल्या पायांत मांडीचे हाडही अनेकदा बाहेरच्या बाजूला बाकदार असते आणि तिथे हा कोन (हाडाच्या दांड्याची रेषा आणि खुब्यापासून गुडघ्यापर्यंतची सरळ रेषा यांतला) 7 अंशांच्याही पुढे जातो. म्हणून खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, उभ्याने काढलेला स्कॅनोग्राम, म्हणजे संपूर्ण पायाचा एक्स-रे, हवाच, आणि तोही गुडघ्याची वाटी समोर ठेवून काढलेला. पाय वळलेला असेल तर मोजलेला कोन फसवा ठरतो.

नडगीचा काप सोपा वाटतो, पण झिजलेल्या बाजूचे हाड दगडासारखे कडक झालेले असते आणि करवतीचे पाते त्यावरून घसरून वर उचलले जाते. कापावर सपाट पट्टी ठेवून बोटाने दाबून पाहावे; ती डुगडुगली तर पाते पुन्हा फिरवावे. मांडीच्या हाडावर बसवायच्या कृत्रिम घटकाची फिरकी ठरवताना केवळ मागच्या कॉन्डाइलवर (मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या गोलाकार उंचवट्यांवर) विसंबू नये. एरवी त्या रेषेपासून 3 अंश बाहेर फिरवलेले जुळते, परंतु गुडघे आत वळलेल्या पायात बाहेरचा कॉन्डाइल खुजा असतो, त्यामुळे तेच 3 अंश अपुरे पडून घटक आत फिरतो आणि वाटी बाहेर सरकू लागते. व्हाइटसाइडची रेषा (वाटी ज्या खोबणीत सरकते तिच्या तळातून पुढून मागे जाणारी) आणि एपिकॉन्डाइल, म्हणजे हाडाच्या दोन्ही कडांचे उंचवटे, जोडणारी रेषा ताडून पाहाव्यात.

आता लिगामेंटच्या ताणाकडे वळू. धनुष्याकृती पायात आतली बाजू घट्ट लागली की लगेच आतले लिगामेंट सोडवायला घेणे ही मला सर्वांत खटकणारी घाई वाटते. कडेला वाढलेले हाडाचे काटे त्या लिगामेंटला तंबूच्या खांबासारखे ताणून धरतात. ते आधी काढावेत, स्पेसर (हाडांमधली फट मोजण्याचा ठोकळा) पुन्हा घालावा आणि मगच निर्णय घ्यावा. एकदा जास्त सोडवलेले लिगामेंट पुन्हा पूर्ववत होत नाही.

गुडघा घट्ट आहे एवढे म्हणणे पुरेसे नाही. तो सरळ असताना घट्ट आहे की 90 अंशांत वाकवल्यावर, हे आधी ठरवावे. दोन्ही स्थितींत घट्ट असेल तर इन्सर्ट (दोन घटकांमधली प्लास्टिकची चकती) पातळ घ्यावे किंवा नडगीचे हाड आणखी थोडे काढावे. टाच उचलून धरल्यावरही गुडघा पूर्ण सरळ होत नसेल आणि वाकवल्यावर ताण योग्य असेल, तर मागचे काटे काढावेत, सांध्याचे मागचे आवरण मोकळे करावे आणि त्यानंतरच मांडीच्या खालच्या कापात साधारण 2 मिलिमीटर वाढवावेत. हा क्रम उलटला तर सांध्याची रेषा विनाकारण वर चढते आणि अर्धवट वाकलेल्या स्थितीत गुडघा डळमळतो; कठड्याला धरून उतरणाऱ्या रुग्णाची तक्रार अनेकदा नेमकी हीच असते. केवळ वाकवल्यावर घट्ट असेल तर मांडीचा घटक एक आकार लहान घ्यावा किंवा नडगीचा मागचा उतार किंचित वाढवावा. याउलट वाकवल्यावर ढिला असलेला गुडघा जाड इन्सर्टने आवळू नये, कारण मग तो सरळ होतच नाही; तिथे मोठ्या आकाराचा घटक उपयोगी पडतो.

वाटी बाहेर सरकत असेल तर बाहेरची बाजू सोडवण्यापूर्वी टूर्निकेट (रक्तप्रवाह रोखण्यासाठी मांडीला आवळलेला पट्टा) सैल करून पुन्हा पाहावे, आणि घटकांची फिरकीही तपासावी.

आत वळलेला व आखडलेला गुडघा सरळ केल्यावर पेरोनियल नसेवर, म्हणजे पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंच्या मज्जातंतूवर, ताण येतो. भूल उतरताच रुग्णाला पायाचा अंगठा वर उचलायला सांगावे. तो उचलला जात नसेल तर बँडेज त्वरित सैल करून गुडघा थोडा वाकवून ठेवावा.