महागडा ऑडिओ सेट घेऊन पस्तावायचं नसेल तर या चुका टाळा

महागडे स्पीकर किंवा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन लोक पस्तावतात तेव्हा माल बहुधा चांगलाच असतो. चुकलेली असते ती जुळणी. खोली, व्होल्टेज, वॅट, छत यांतलं काहीतरी न मोजताच पैसे मोजलेले असतात.

खोली न पाहता टॉवर स्पीकर घेणं

टॉवर म्हणजे जमिनीवर उभा राहणारा उंच स्पीकर. सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. फ्लॅटमधला हॉल १४ फूट लांब, १० फूट रुंद आणि छत साडेनऊ फुटांवर असं धरू. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला खोलीच्या मापाच्या दुपटीने भागलं की खोली स्वतः कुठल्या सुराला घुमते ते कळतं. लांबी ४.२७ मीटर, म्हणून ४० हर्ट्झ (सेकंदाला ४० कंपनं). रुंदी ३.०५ मीटर, म्हणून ५६. उंची २.९ मीटर, म्हणून ५९. गोम शेवटच्या दोन आकड्यांत आहे. ते जवळजवळ सारखे असल्याने दोन घुमारे एकमेकांवर चढतात आणि डग्ग्याची मींड खाली उतरताना मधलाच एक सूर ढोलासारखा फुगतो. लहान बुकशेल्फ स्पीकर या पट्ट्यात आधीच दमलेला असतो, त्यामुळे घुमारा आटोक्यात राहतो. टॉवर मात्र ३५-४० हर्ट्झपर्यंत दमदार बेस देतो आणि नेमकं दुखणं उकरून काढतो. दुप्पट किमतीचा स्पीकर घरी जास्त वाईट वाजतो तो असा.

परदेशी परीक्षणं वाचतानाही भान ठेवा. अमेरिकेतल्या बहुतेक घरांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकलेल्या असतात. त्या थरथरतात आणि थोडा बेस गिळतात. आपल्या विटा-काँक्रीटच्या भिंती आणि व्हिट्रिफाइड फरशी जवळजवळ सगळा बेस परत खोलीत फेकतात. परीक्षणात ‘भरदार’ म्हटलेला स्पीकर इथे भोंगाळ वाटू शकतो.

पैसे देण्याआधी एवढं करा. फोनवरच्या टोन जनरेटर अ‍ॅपमधून ३० ते १०० हर्ट्झचे सूर सध्याच्या सिस्टीमवर हळूहळू सरकवत वाजवा आणि बसायच्या जागी कुठला सूर फुगतो, कुठला गायब होतो ते लिहून घ्या. सोफ्याची पाठ भिंतीला टेकलेली असेल तर तो दीड-दोन फूट पुढे ओढून पुन्हा ऐका. फरक बऱ्याचदा नव्या अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा मोठा निघतो. स्पीकर मागच्या भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर १४० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, कारण भिंतीवरून परतलेला आवाज तिथे उलटा येऊन मिळतो. अंतर बदललं की खड्डा सरकतो. ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे फुकट सॉफ्टवेअर आणि कॅलिब्रेशन फाइलसह येणारा यूएसबी माइक मिळाला तर हेच सगळं आलेखात दिसतं.

भिंतीला चिकटवायचा इंचभर जाडीचा फोम यावर उपाय नव्हे. तो फक्त वरचे सूर मारतो, खोली मलूल होते आणि बेस होता तसाच राहतो. घनमीटरला ४८ किलो घनतेच्या ५० मिलिमीटर जाड रॉकवूलच्या दोन स्लॅब एकावर एक, सुती कापडात गुंडाळून, भिंतीपासून चार इंच सोडून उभ्या केल्या तर मधल्या आणि वरच्या बेसमध्ये फरक पडतो. ५६ हर्ट्झच्या घुमाऱ्याला त्याही पुरत नाहीत. तिथे बैठक हलवणं आणि ईक्यूने (ठरावीक सुरांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) तो उंचवटा कापणं हेच दोन मार्ग. खड्डा मात्र ईक्यूने भरायला जाऊ नका. अ‍ॅम्प्लिफायर दमतो आणि खड्डा तिथेच राहतो.

शोरूममध्ये ‘हा जास्त चांगला’ वाटणं

अर्धा डेसिबल मोठा वाजणारा सेट मोठा वाटत नाही, ‘जास्त स्पष्ट’ वाटतो. तुलना करताना दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरांची पातळी कानाने नव्हे, मल्टिमीटरने जुळवा. १००० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. एकावर २.८३ आणि दुसऱ्यावर ३.० आले तर तोच तो अर्धा डेसिबल. (साधा मल्टिमीटर १००० हर्ट्झला चुकीचं दाखवत असेल तर ६० हर्ट्झचा सूर घ्या.) मीटर आणला म्हणून दुकानदार नाक मुरडत असेल तर दुकान बदला.

वॅटचा मोह, आणि त्याच्या उलटाही

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. ८८ डेसिबल संवेदनशीलतेच्या (म्हणजे एका वॅटला मीटरभर अंतरावर ८८ डेसिबल आवाज देणाऱ्या) स्पीकरच्या जोडीला वर सांगितलेल्या हॉलमध्ये नेहमीच्या ऐकण्यासाठी सरासरी एक वॅटही पुष्कळ होतो. त्यामुळे १०० वॅटचा विकून १५० चा घेण्यात हाती काही लागत नाही.

उलट चूक ‘३००बी’ या व्हॉल्व्हच्या (जुन्या धाटणीच्या काचेच्या नळीच्या) प्रेमात पडणाऱ्यांची. एका ३००बीच्या सिंगल-एंडेड अ‍ॅम्प्लिफायरमधून साधारण ८ वॅट निघतात. संगीताची सरासरी आणि शिखर यांत १५ ते २० डेसिबलचं अंतर असू शकतं, म्हणजे सरासरी अर्धा वॅट लागत असेल तर शिखराला १५ ते ५० वॅट हवेत. ८६ डेसिबलच्या स्पीकरवर तबल्याची थाप चेपटलेली येते ती यामुळे. तिथे ९५ डेसिबलच्या पुढचा स्पीकर लागतो. शिवाय डब्यावर ‘८ ओम’ लिहिलेला स्पीकर काही सुरांना ३ ओमपर्यंत उतरत असेल तर व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आणखी अडखळतो. किमान इम्पीडन्सचा (ओममधल्या या रोधाचा) आकडा विचारा.

क्लास-ए वाल्यांनी वीज आणि उकाडा दोन्ही धरावेत. गाणं वाजो न वाजो, २०० वॅट ओढणारा अ‍ॅम्प्लिफायर रोज चार तास चालला तर महिन्याला २४ युनिट होतात. मे महिन्यात ती उष्णता बाहेर काढायला एसी चालतो तो वेगळाच.

केबलबद्दल दोनच ओळी. चार मीटर लांबीच्या २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या जोडवायरचा एकूण रोध सुमारे ०.०६ ओम. ८ ओमच्या स्पीकरवर नुकसान ०.१ डेसिबलहूनही कमी.

परदेशातून आणलेला टर्नटेबल

रेकॉर्ड वाजवायचा टर्नटेबल नातेवाईक अमेरिकेतून आणतात, किंवा जपानचा जुना माल ऑनलाइन मिळतो. अमेरिकेत १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, जपानमध्ये १०० व्होल्ट आणि भागानुसार ५० किंवा ६० हर्ट्झ. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. त्यामुळे ६० हर्ट्झसाठी बनवलेली एसी सिंक्रोनस मोटर (विजेच्या हर्ट्झवर जिचा वेग ठरतो ती) आपल्या ५० हर्ट्झवर ३३⅓ ऐवजी २७.८ फेऱ्यांनी फिरते आणि गायकाचा आवाज तीन अर्धस्वरांहून जास्त खाली घसरतो (हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या दोन्ही पट्ट्या मोजून पाहा). काही मॉडेलना ५० हर्ट्झची वेगळी पुली मिळते. ती मिळते का हे घेण्याआधी बघा. क्वार्ट्झ डायरेक्ट-ड्राइव्हला (त्याचा वेग क्वार्ट्झ स्फटिकाने बांधलेला असतो) वेगाची ही अडचण नसते, फक्त व्होल्टेज सांभाळावं लागतं. १०० व्होल्टचं यंत्र १२० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर लावणं हीही चूकच.

मग येते सुई, म्हणजे ती जिच्यात बसते ती कार्ट्रिज. तिचे मुख्य प्रकार दोन. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज ३ ते ५ मिलिव्होल्ट देते, लो-आउटपुट मूव्हिंग कॉइल ०.२ ते ०.५. पहिलीला सुमारे ४० डेसिबलचा फोनो स्टेज (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) पुरतो, दुसरीला ६० च्या आसपास लागतो. इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायरमधल्या साध्या फोनो सॉकेटला महागडी मूव्हिंग कॉइल जोडली की गाणं बारीक आणि खरखर मोठी. म्हणजे कार्ट्रिजच्या बजेटमध्ये फोनो स्टेजही धरायला हवा. शिवाय मूव्हिंग कॉइलची सुई झिजली तर बहुतेकदा घरी बदलता येत नाही. अख्खी कार्ट्रिज बदला किंवा दुरुस्तीला पाठवा.

पीओपीच्या छताखाली अ‍ॅटमॉस

अ‍ॅटमॉस म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत. वर तोंड करून आवाज फेकणारे अ‍ॅटमॉस स्पीकर सपाट आणि कडक छतावरून परतणाऱ्या आवाजावर अवलंबून असतात. पायऱ्यापायऱ्यांचं फॉल्स सीलिंग, मधोमध झुंबर किंवा पंखा असेल तर तो आवाज भलतीकडेच जातो. छताचं काम बाकी असेल तर स्पीकर छतातच बसवायचं ठरवा आणि पीओपी होण्याआधी वायर ओढून घ्या. नंतर ती ओढणं म्हणजे पुन्हा फोडाफोड.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर अ‍ॅम्प्लिफायर चालवू नका, ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागतो. स्पीकरमधूनच ५० हर्ट्झचा हं येत असेल तर आधी सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. हं थांबला तर अर्थ लूप (दोन वाटांनी अर्थिंग जोडलं गेल्याने होणारा गोंधळ) तिथून येतोय. अर्थिंगची पिन तोडून तो थांबवणं मात्र जिवाशी खेळ आहे.

सेकंड हँड घेताना

मल्टिमीटर आणि टॉर्च न्या. अ‍ॅम्प्लिफायर पंधरा मिनिटं तापू द्या, आवाज शून्यावर ठेवून स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत ठीक, १०० च्या पुढे असेल तर दुरुस्तीचा खर्च धरून भाव करा. ८ ओमच्या स्पीकरचा डीसी रोध साधारण साडेपाच ते सात ओम यावा आणि दोन्ही स्पीकरचा जवळपास सारखा. फरक मोठा असेल तर एखादा ड्रायव्हर बदललेला किंवा जळालेला आहे. जाळी काढून कोनाच्या कडेची फोमची पट्टी बोटाने हलकेच दाबा. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत जुना फोम हातात चुरा होऊन येतो. रबरी कड बरीच जास्त टिकते.

मूळ खोकं आणि आतला थर्मोकोल आहे का, तेही विचारा. तीस किलोचा टॉवर त्याशिवाय कुरिअरने आणवू नका. आणि घरी आल्यावर ते खोकं माळ्यावर ठेवा, पण पावसाळ्याआधी प्लॅस्टिकमध्ये बांधून, नाहीतर पुठ्ठा मऊ पडून विकायच्या वेळी उपयोगाचा राहत नाही.