बंद पडलेला व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करताना

अनेक वर्षे न वाजलेला व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) रेडिओ हाती आला की तो थेट विजेला जोडून पाहण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. दीर्घकाळ वीज न मिळाल्यामुळे त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचा (वीज साठवणाऱ्या भागांचा) आतला ऑक्साइडचा थर क्षीण झालेला असतो. अशा अवस्थेत पूर्ण दाब (व्होल्टेज) मिळाल्यास ते एवढा प्रवाह ओढतात की रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा) व्हॉल्व्ह आणि मेन्स (घरातील विजेला जोडलेला) ट्रान्सफॉर्मर जळू शकतात. कपॅसिटर सहज बदलता येतो; त्याच मापाचा ट्रान्सफॉर्मर मिळवणे मात्र फार कठीण असते.

या यंत्रात २०० ते ३०० व्होल्टचा डीसी दाब असतो आणि रेडिओ बंद केल्यावरही तो कपॅसिटरांत साठून राहू शकतो. म्हणून मेन्सची वायर काढून, साधारण १० किलोओहम आणि ५ वॉटच्या रोधातून कपॅसिटर रिकामे करावेत आणि दाब खरोखरच शून्यावर आल्याची मीटरने खात्री करावी. काही रेडिओंत मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतोच. सर्व व्हॉल्व्हचे हीटर (आतील तापणाऱ्या तारा) एकामागे एक जोडलेले असतात आणि लोखंडी चॅसिस (आतला सांगाडा) मेन्सच्या एका तारेला थेट जोडलेली असू शकते. असा रेडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघड्यावर चालवू नये. व्हेरिअ‍ॅक दाब कमी-जास्त करतो, पण मेन्सपासून वेगळे करत नाही, हे विसरू नये.

दुरुस्तीआधी रेडिओचे काम समजून घ्यावे. बहुतेक रेडिओ सुपरहेटरोडाइन पद्धतीचे असतात. एडविन आर्मस्ट्राँग यांनी ती १९१८ मध्ये विकसित केली. समजा, १००० किलोहर्ट्झचे केंद्र लावले आहे आणि रेडिओची मध्यम वारंवारता (कोणतेही केंद्र लावले तरी आत वापरली जाणारी एकच ठरलेली वारंवारता) ४५५ किलोहर्ट्झ आहे. तर आतला ऑसिलेटर (स्वतःची वारंवारता निर्माण करणारा भाग) १४५५ वर चालतो आणि दोहोंतील ४५५ चा फरकच पुढे वाढवला जातो. त्यानंतर डिटेक्टर त्यातून ध्वनी वेगळा करतो, एक व्हॉल्व्ह तो वाढवतो आणि आउटपुट व्हॉल्व्ह ट्रान्सफॉर्मरमार्फत स्पीकर हलवतो. युरोपीय व्हॉल्व्हची नावेही यात मदत करतात. ‘ईसीएच ८१’ मधील ई म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, सी म्हणजे ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडचा भाग) आणि एच म्हणजे हेप्टोड (सात इलेक्ट्रोडचा). हा व्हॉल्व्ह ऑसिलेटर आणि मिक्सर (दोन वारंवारता मिसळणारा) ही दोन्ही कामे करतो.

दोष आला की लोक प्रथम व्हॉल्व्ह बदलायला निघतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे, कारण व्हॉल्व्ह बहुधा टिकलेले असतात आणि खराब होतात ते मेण लावलेले कागदी कपॅसिटर. त्यांतही एक सर्वांत घातक: ध्वनी वाढवणाऱ्या व्हॉल्व्हच्या प्लेटपासून (जिथून वाढवलेला सिग्नल बाहेर येतो) आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (जिथे सिग्नल आत जातो) जाणारा कपलिंग कपॅसिटर. त्याने डीसी पूर्णपणे अडवायला हवा. प्लेटवर १०० व्होल्ट, ग्रिडचा रोध ०.५ मेगाओहम आणि कपॅसिटरची गळती २० मेगाओहमएवढी असेल, तर ग्रिडवर सुमारे २.४ व्होल्ट धन दाब येतो. एवढ्याने आउटपुट व्हॉल्व्हचा प्रवाह बराच वाढतो, तो तापतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही धोक्यात येतो. मल्टिमीटरच्या थोड्याशा व्होल्टवर ही गळती अनेकदा दिसत नाही. म्हणून हा कपॅसिटर मोजत बसण्यापेक्षा बदलावा.

काम सुरू करण्यापूर्वी चॅसिसची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, मिळाल्यास सर्किट डायग्राम जवळ ठेवावा आणि एका वेळी एकच भाग बदलावा. ०.०२ मायक्रोफॅरडच्या कागदी कपॅसिटरऐवजी ०.०२२ चा, ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर चालतो. इलेक्ट्रोलिटिकमध्ये ८ च्या जागी १० मायक्रोफॅरड ठीक आहे. रेक्टिफायरनंतरचा पहिला कपॅसिटर मात्र फार मोठा घेऊ नये, कारण त्याचा आरंभीचा प्रवाह व्हॉल्व्हला झेपत नाही. मेन्सच्या दोन तारांमध्ये एक्स वर्गाचा आणि मेन्स ते चॅसिस वाय वर्गाचाच सुरक्षा-कपॅसिटर लावावा. कार्बन रोधांचे मूल्य वयोमानाने वाढते, तेही तपासावेत. रबराचे आवरण चुरा होत असलेल्या तारा बदलाव्यात. माइका कपॅसिटरांना सहसा हात लावण्याची गरज नसते.

पहिल्यांदा वीज देताना रेडिओच्या सीरिजमध्ये जुन्या पद्धतीचा, तारेचा ६० वॉटचा दिवा लावावा. एलईडी चालत नाही. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक; प्रखरच राहिला तर लगेच बंद करून शॉर्ट शोधावा. नंतर दिवा काढून, पूर्ण दाबावर आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडचा (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाचा) दाब मोजावा. ईएल ८४ व्हॉल्व्हला १३५ ओहमच्या रोधावर सुमारे ७.३ व्होल्ट मिळाले, तर प्रवाह सुमारे ५४ मिलिअँपिअर, म्हणजे योग्य आहे.

आवाज नसेल तर शोध स्पीकरकडून मागे न्यावा. आवाजाच्या कंट्रोलच्या मधल्या टोकाला इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरचे टोक लावल्यावर स्पीकरमध्ये ‘टक’ ऐकू आले, तर ध्वनीचा भाग जिवंत आहे आणि दोष त्याआधी आहे. खरखर होत असल्यास कंट्रोल आणि बँड स्विच कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावेत. मध्यम वारंवारतेच्या ट्रान्सफॉर्मरांतील गाभे तोपर्यंत मुळीच फिरवू नयेत; रेडिओ वाजू लागल्यावर, सिग्नल जनरेटर असेल तरच, प्लास्टिकच्या अवजाराने ते हलक्या हाताने जुळवावेत, कारण ठिसूळ गाभा आतच तुटला तर तो बाहेर काढणे जवळजवळ अशक्य असते.