एकट्याने राहणाऱ्या ज्येष्ठांनी साथीच्या काळात घराची व्यवस्था कशी लावावी

महिनाभराची औषधे, किराणा घरपोच देणाऱ्या दुकानदाराचा नंबर, मास्क आणि साबण एवढी तयारी आपण केली आहे, असे मी गृहीत धरते. कोरोनाच्या साथीची २०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षे मी पुण्यातल्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटीने काढली आणि नंतर ओळखीतल्या अनेक एकट्या ज्येष्ठांना त्यांच्या घरी हीच व्यवस्था लावून दिली. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी घरीच थांबावे, ही तेव्हाची सरकारी सूचना योग्यच होती. मात्र त्यापुढे जाऊन ‘कोणालाही दार उघडू नका’ असे सांगणाऱ्यांनी, घरात थांबलेल्या माणसाला काही झाले तर ते कोणाला आणि किती वेळाने कळणार, याचा विचार केलेला नसतो.

प्रथम त्याच इमारतीतला, सकाळी हमखास घरी असणारा एक शेजारी निवडून त्याला आपली किल्ली द्यावी.

मग रोजची खूण ठरवावी. माझी खूण दुधाच्या पिशवीची आहे: आठपर्यंत ती मी आत घेते, आणि साडेआठलाही दाराला लटकत असेल तर शेजारीण घंटी वाजवते, फोन करते आणि तरीही उत्तर आले नाही तर किल्ली लावते. परदेशातल्या मुलाला रोज फोन करणे हा याला पर्याय नव्हे. कॅलिफोर्नियातून चौकशी होते, दार उघडता येत नाही.

यानंतरचा टप्पा दाराचा, आणि इथेच मी फसले. जुलै २०२० मध्ये पुण्यात दहा दिवसांची कडक टाळेबंदी असताना एका सकाळी मी न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. शेजारीण ठरल्याप्रमाणे आली, तिने किल्लीने लॅच उघडले, पण दार बोटभरही हलले नाही, कारण रात्री सवयीने वरची कडी मीच लावली होती. सुतार मिळेना. फरशीवरून सरकत दारापर्यंत येऊन, चपलांच्या कपाटाला धरून उठून त्या कडीला हात पोचवायला मला पाऊण तास लागला, आणि तेवढा वेळ ती बिचारी बाहेरून माझ्याशी बोलत उभी होती.

म्हणून ‘यापुढे कडी लावणार नाही’ असा निश्चय करू नये, कारण हात सवयीने तिकडे जातोच. स्क्रू काढून कडी दारावरून उतरवावी. साखळीचेही तेच करावे. चोराची भीती वाटत असेल तर चांगले लॅच बसवावे, परंतु काही लॅचना आतून खटका असतो आणि काहींमध्ये आत किल्ली राहिली तर बाहेरची फिरत नाही, हे दुकानदार आपणहून सांगत नाही. तेव्हा रात्री नेहमीप्रमाणे दार लावून आत बसावे आणि शेजाऱ्याला बाहेरून उघडायला सांगावे. ही परीक्षा झाल्याशिवाय किल्ली दिली असे मी मानत नाही. न्हाणीघराची कडीही लावू नये. एकट्या माणसाने ती लावायची तरी कोणासाठी?

रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण दाखवणारा ऑक्सिमीटर बोटाला लावण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, बोट गार नसावे, नखाला रंग किंवा मेंदी नसावी. आकडा ९४ च्या खाली टिकून राहिला तर डॉक्टरांना लगेच कळवावे आणि धाप लागत असेल तर आकड्याची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

राहिला प्रश्न सोबतीचा. भेटीगाठी पूर्ण तोडण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही, कारण चार-पाच महिने कोणाशीही समोरासमोर न बोललेली माणसे जेवणखाण आणि गोळ्या यांत हयगय करू लागल्याचे मी पाहिले आहे. एकच माणूस, ठरलेली वेळ, दोघांनाही मास्क आणि मोकळी हवा एवढे पाळावे, कारण हा विषाणू बंद खोलीच्या हवेत साचतो. शेजारीण आणि मी संध्याकाळी गच्चीत आपापल्या खुर्च्या घेऊन अर्धा तास बसत असू, आणि पावसात जिन्याच्या खिडकीशी, ती वरची आणि मी खालची पायरी धरून.