एदेन बागेत मंदिर पाहताना: या चुका टाळा

बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकातील सुरुवातीच्या कथांमागे, विशेषतः आदाम आणि हव्वा यांच्या एदेन बागेच्या कथेमागे, मंदिराची कल्पना उभी आहे, हा विचार आता मराठी बायबल अभ्यासवर्गांतही मांडला जाऊ लागला आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र हा विषय नव्याने हाती घेणारे अभ्यासक त्याच त्या चुका इतक्या नेमाने करतात, की त्या एकदा लिहून काढणे मला आवश्यक वाटले.

सर्वांत मोठी चूक म्हणजे निवासमंडपाचे, म्हणजे इस्राएल लोकांच्या तंबूच्या रूपातील फिरत्या देवस्थानाचे, अध्याय न वाचता थेट एदेन बागेकडे धावणे. निर्गम या बायबलच्या दुसऱ्या पुस्तकातील २५ ते ३१ आणि ३५ ते ४० या अध्यायांत फळ्या, कड्या, पडदे आणि मापे यांच्या लांबच लांब याद्या आहेत. त्या कंटाळवाण्या म्हणून ओलांडल्या जातात आणि मग बागेत मंदिर दिसते तरी कुठे, असे विचारले जाते. प्रतीकांचा अर्थ कोणाच्या तरी दहा मिनिटांच्या व्हिडिओतून मिळवण्याची ही घाई मला मुळीच मान्य नाही, कारण उत्पत्ती २ आणि ३ ची किल्ली याच याद्यांमध्ये आहे. निवासमंडपाच्या अंगणाचे प्रवेशद्वार पूर्वेला होते आणि परमपवित्रस्थानापुढील, म्हणजे सर्वांत आतल्या खोलीपुढील, अंतरपटावर करूबांच्या, म्हणजे पंख असलेल्या स्वर्गीय रक्षकांच्या, आकृती काढलेल्या होत्या. आदाम आणि हव्वा यांना बाहेर घालवल्यानंतर जीवनाच्या झाडाकडे जाणारी वाट राखण्यासाठी बागेच्या पूर्वेस करूबच ठेवण्यात आले. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, प्रमुख याजक पूर्वेकडून पश्चिमेकडे चालत त्या करूबांच्या पडद्याआड जात असे. म्हणजे आदामाला बंद झालेल्या वाटेनेच तो सर्व लोकांच्या वतीने परत आत जात असे. हे एकदा लक्षात आले की बाकीचे तपशील आपोआप जागेवर बसतात. मंडपातील दीपवृक्षाला (दिव्यांच्या सोन्याच्या समईला) मधला दांडा, सहा फांद्या आणि बदामाच्या फुलांच्या आकाराच्या वाट्या होत्या, म्हणजे ते सोन्यात घडवलेले झाडच होते. शलमोन राजाने यरुशलेमेत बांधलेल्या मंदिराच्या भिंतींवर करूब, खजुरीची झाडे आणि उमललेली फुले कोरलेली होती. एदेनातून नदी निघून तिच्या चार शाखा होतात, तर यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ४७ व्या अध्यायात मंदिराच्या उंबरठ्याखालून पूर्वेकडे पाणी वाहते.

माझी पद्धत साधी आहे. उत्पत्तीचा दुसरा अध्याय उघडण्यापूर्वी मी कोऱ्या कागदावर निवासमंडपाचा आराखडा हाताने काढायला लावतो: १०० हात लांब आणि ५० हात रुंद अंगण, पूर्वेचे दार, दक्षिणेच्या बाजूला दीपवृक्ष, आत अंतरपट. छापील तक्ता मी चालवून घेत नाही, कारण तो पाहणाऱ्याला करूब कोणत्या बाजूला होते हे आठवडाभरात आठवेनासे होते.

दुसरी चूक म्हणजे साम्य दिसताच पुरावा सापडल्याचे जाहीर करणे. एका अभ्यास शिबिरात एका उत्साही तरुण वक्त्याने पडद्यावर एका प्राचीन मुद्रेचे (शिक्क्याचे) मोठे चित्र लावले: मध्ये खजुरीचे झाड, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसलेल्या दोन व्यक्ती आणि मागे उभा साप. हे आदाम आणि हव्वा यांचे चार हजार वर्षांपूर्वीचे चित्र आहे, असे त्याने सांगितले आणि सभागृहात टाळ्या वाजल्या. चर्चेच्या वेळी मी ते चित्र पुन्हा लावायला सांगून सर्वांना फक्त नीट पाहण्याची विनंती केली. दोघेही अंगभर कपड्यांत आहेत आणि एकाच्या डोक्यावर शिंगांचा मुकुट आहे. मेसोपोटेमियात (आजच्या इराकच्या परिसरात) असा मुकुट देवाची खूण असतो, त्यामुळे हे चित्र देव आणि त्याच्यासमोर बसलेल्या भक्ताचे आहे. ब्रिटिश म्युझियममधील या मुद्रेचा संबंध अभ्यासक जॉर्ज स्मिथ यांनी १८७६ मध्ये एदेनच्या कथेशी जोडला होता आणि तज्ज्ञांनी तो केव्हाच सोडून दिला आहे. तरी ते चित्र अजून फिरतेच आहे. शिबिरातील काही जण माझ्यावर नाराज झाले, पण खोट्या आधारावर टिकवलेली श्रद्धा मला नको आहे.

याच चुकीचे उलटे रूपही तितकेच घातक आहे. १९०२ मध्ये बर्लिन येथे कैसरसमोर (जर्मन सम्राटासमोर) दिलेल्या व्याख्यानात अभ्यासक फ्रीड्रिख डेलिट्श यांनी बायबलमधील कितीतरी गोष्टींचे मूळ बाबेलात (बॅबिलोनमध्ये) दाखवले आणि मोठे वादळ उठले. साम्यांच्या अशा हव्यासाविरुद्ध बायबलचे अभ्यासक सॅम्युएल सँडमेल यांनी १९६१ मध्ये अभ्यासकांना स्पष्ट इशारा दिला, तरीही साम्यांचे तक्ते करून 'नक्कल पकडली' असे म्हणणारे आजही भेटतात. त्यांच्यासाठी माझा आग्रह असा, की वहीच्या डाव्या पानावर साम्ये आणि उजव्या पानावर फरक लिहावेत आणि उजवे पान भरल्याशिवाय तोंड उघडू नये. उदाहरणार्थ, एनुमा एलिश या बाबेलच्या सृष्टिकाव्यात तिथला मुख्य देव मार्दुक याच्या विजयानंतर देव स्वतः विटा पाडून त्याच्यासाठी एसागिला मंदिर बांधतात आणि देवांचे कष्ट हलके व्हावेत म्हणून मारलेल्या किंगू या शत्रुपक्षाच्या देवाच्या रक्तापासून माणूस घडवला जातो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मंदिर बांधलेच जात नाही. आकाश आणि पृथ्वी हेच जणू देवाचे निवासस्थान ठरते, सातव्या दिवशी तो विसावा घेतो आणि माणूस त्याच्या प्रतिमेप्रमाणे निर्माण होतो. सीरियातील ऐन दारा येथील मंदिराच्या उंबरठ्यावर सुमारे एक मीटर लांबीची पावले कोरलेली होती आणि ती आत जाताना दिसत; २०१८ मधील हवाई हल्ल्यात या मंदिराचे मोठे नुकसान झाले. देव बागेत फिरत असल्याचे उत्पत्ती ३ सांगते, हे त्यांची चित्रे पाहिल्यावर आठवतेच. पण इस्राएलच्या परमपवित्रस्थानात देवाची मूर्ती नव्हती, हा फरक उजव्या पानावर ठळक लिहावा.

काही चुका थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. मंदिर म्हणजे भक्तांनी जमण्याचे सभागृह, ही चर्चवरून आलेली समजूत बाजूला ठेवावी, कारण प्राचीन मंदिर हे मुळात देवाचे घर होते. सात हा आकडा दिसेल तिथे अर्थ शोधू नये. सुमेरी राजा गूदेआ याच्या मंदिर-प्रतिष्ठेचे सात दिवस आणि शलमोनाच्या बांधकामाची सात वर्षे यांच्यासारखे ठोस दाखले आधी गोळा करावेत. नोहाचे तारू आणि शलमोनाचे मंदिर दोन्ही ३० हात उंच होते हे खरे, पण तेवढ्यावर सिद्धान्त उभारू नये. 'प्राचीन काळी' हा शब्दप्रयोग तर मी खोडूनच टाकतो, कारण गूदेआ आणि बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यांच्यात सुमारे पंधराशे वर्षांचे अंतर आहे.

शेवटी उत्पत्ती ११ मधील बाबेलचा बुरूज. त्याला पिरॅमिडच्या शेजारी बसवणे ही चूक आहे, कारण पिरॅमिड ही राजाची कबर होती आणि झिगुरात, म्हणजे मेसोपोटेमियातील पायऱ्यापायऱ्यांचा बुरूज, हा देवस्थानाचा भाग होता. झिगुरातच्या माथ्यावर देवाची खोली असे आणि पायऱ्या देवाने खाली उतरून यावे यासाठी होत्या, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणूनच उत्पत्ती ११ मध्ये देव नगर आणि बुरूज पाहायला खाली उतरतो हे वाक्य फार महत्त्वाचे आहे, आणि भाजलेल्या विटा व डांबर हा तपशीलही मेसोपोटेमियाच्या बांधकामाशी तंतोतंत जुळतो. बाबेलच्या एतेमेनांकी या झिगुरातचा पाया प्रत्येक बाजूला सुमारे ९१ मीटर होता, पण आज तिथे खड्ड्याखेरीज फारसे काही उरलेले नाही. वर्गात चित्र लावायचेच असेल तर ऊर येथील उर-नम्मू राजाच्या झिगुरातचे लावावे आणि त्याचा दर्शनी भाग व पायऱ्या विसाव्या शतकात पुन्हा बांधलेल्या आहेत, हे त्याच वेळी सांगावे.